बातमीची गाडी

नळदुर्ग
बुधवार, ११ मे १९८३

तीर्थरूप बापूंस,
सविनय जय भीम.

सोमवारच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची कळवली. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं मग.

मी लिहिलं होतं की आपली मोटारसायकल भूमला अक्काच्या दारात बंद पडली ती पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामुळे. झाकणाला हवा आत जायला एक बारीक भोक असतं. दादानं गाडी रंगवताना हौसेनं झाकणही रंगवलं, भोक बुजलं, टाकीत हवा जाईना, मग पेट्रोल खाली उतरेना. थोडा रस्ता गेला की इंजिन गप्प व्हायचं. हे सगळं खरं आहे. पण पुढे मी असं लिहिलं की दादानं भूमहून परत आल्यावर ते भोक सुईनं मोकळं केलं. तसं नाही. त्यानं ते भूमला निघायच्या आधीच मोकळं केलं होतं. तुळजापूर गेलं, उस्मानाबाद गेलं, पुढचा सगळा घाट-चढ गेला, गाडी कुठंही अडखळली नाही. अडखळली ती फक्त तुम्ही राहता त्या दारात.

हे मला काल कळलं. दादा जेवत होता. मी गोधडी शिवायला मोठी सुई शोधत होते.

"ती व्हय? ती शनवारीच मोडली की, झाकनाच्या भोकात," तो म्हणाला, आणि मग घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. तुमच्याकडे तो रविवारी आला होता.

"म्हणजे मी बापूंना खोटं लिहिलं."

"खोटं न्हाय. उलीसं मागं-पुढं हाय."

"दादा, मागं-पुढं म्हणजेच खोटं."

"तू सोसायटीत दुधाचं फॅट तपासतीस ना, तसं घरात माणसाचं बोलणं तपासू नको. झाकनाचं ऐकून बापू चार घास खाईल. खाऊ दे की."

मी रात्रभर विचार केला. तुम्ही जेवावं म्हणून मी काहीही लिहीन असं मला वाटलं होतं, पण हात चालला नाही. खोट्यावर खाल्लेलं अन्न तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला नेहमीच कळतं. म्हणून खरं लिहिते आहे आणि तरीही विनवते आहे, की बापू, जेवा. रविवारपासून तुम्ही ताट सरकवून ठेवलंय. अक्काचे दिवस भरत आलेत, तिला तुमच्यासमोर बसून एकटीनं घास गिळवत नाही.

दाजी, तुम्ही हे पत्र बापूंना वाचून दाखवता तेव्हा मधलं गाळता असं अक्कानं मला मागं कळवलं होतं. कृपा करून गाळू नका. पुढचं मात्र अक्काला पाणी आणायला धाडून वाचा.

बापू, हरणाबाईंचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. दादा गाडी घेऊन दुधाच्या फेरीला जायला लागला तेव्हा मी मागं बसून जायची, वस्त्यांवरचं दूध तपासायला. मागच्या चाकाच्या बाजूंच्या ज्या चौकटींत तुम्ही फौजेत असताना, लढाईच्या वेळी, लखोट्यांच्या पिशव्या असायच्या असं तुम्ही सांगायचा, त्यांत आता दुधाचे कॅन बसवलेत. त्या दिवशी गाडी हरणाबाईंच्या दारात बंद पडली. दादा किक मारत होता. म्हातारी आतून आली ती हातात सुपभर जोंधळे घेऊन. मोतीबिंदूनं तिला आम्ही दिसत नव्हतो. ती दादाच्या नाही, गाडीच्या बाजूला तोंड करून उभी राहिली.

"श्रीपती, कुणाचं रं?" तिनं विचारलं.

दादा हसला. "आज्जे, म्या श्रीपतीचा आबाराव. कुणाचं काय न्हाय, गाडी तापलीय."

तिनं ऐकलं नाही. सूप माझ्या पिशवीत रिकामं केलं. या दिवसांत सुपभर जोंधळे कोण कुणाला देतं? मला वाटलं, मी तिच्या सुनेला दुधाच्या पैशाचा हिशेब समजावून दिला होता, त्याची ही जाण. मी हात जोडले आणि घेतले. आम्ही ते दळून खाल्ले.

रीत मला तेव्हा माहीत नव्हती. आता सगळं गाव मला सांगतंय. मयताची बातमी परगावी न्यायचं काम आपल्या माणसांकडे होतं. बातमी आणणारा उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, पाणी मागायचा नाही, कोण गेलं ते सांगायचा, आणि मग घरातली बाई त्याच्या घोंगड्यात सुपानं जोंधळे घालायची. आधी बातमी, मग जोंधळे. मी जोंधळे आधी घेतले.

त्याच आठवड्यात तिचा लेक श्रीमंत सोलापुरात गेला. गिरणीच्या फाटकाशी भोवळ येऊन पडला तो उठलाच नाही. मी भेटायला गेले. हरणाबाई मला एक शब्द वावगा बोलली नाही. माझा हात चाचपून म्हणाली, "तू आदीच घेऊन गेलीस की गं."

मी पुढं लिहू शकत नाही. जेवा.

तुमची,
गुलाब


शुक्रवार, १३ मे

ती. बापूंस,
सविनय जय भीम.

दाजींचं कार्ड आलं. तुम्ही फक्त कोरा चहा घेता आणि अक्का रडली तर दोन घोट ताक. कार्डात शेवटी दाजींनी लिहिलंय, "बापू म्हणतात ती माझ्यासाठी आली आहे, तिला मी तसं सांगितलंय." तिला म्हणजे कुणाला, हे दाजींना कळलं नव्हतं. मला कळलं. मी दादाला समोर बसवून विचारलं.

आधी तो म्हणाला, "बापू बाहेर आला, बघितलं, आत गेला. एवढंच."

"आणि?"

"आणि काय?"

"दादा, तू आजवर गाडीशिवाय माझ्यापासून काही लपवलेलं नाहीस."

मग त्यानं सांगितलं. तो किक मारून घामाघूम झाला होता. तुम्ही काठी टेकत आलात, त्याच्याशी बोलला नाहीत, दोन वर्षांत बोलला नाहीत तसेच. गाडीपाशी वाकलात, टाकीवर हात ठेवलात आणि माणसाच्या कानाला लागावं तसं तोंड जवळ नेऊन काही बोललात. मग आत गेलात. त्यानंतर गाडी एका किकेत सुरू झाली.

बापू, आपण धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली माणसं आहोत. भूत, लागीर, देवऋषी, उतारा यांतलं काही मानायचं नाही हे मला अक्षरं यायच्या आधी तुम्ही शिकवलंत. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. मला शाळेत घालायला तुम्ही हेडमास्तरांसमोर उभे राहिलात, तेव्हा म्हणालात, "हिला इतकं शिकवा की हिला कशाचंच भ्या वाटू नये." मला भीती वाटते आहे, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्यासाठीच वाटते आहे.

म्हणून मी शिकल्यासारखा विचार करायचा प्रयत्न करते. धनगराच्या धुळाप्पांचंच घ्या. त्यांच्या वाड्यापाशी गाडी बंद पडली तेव्हा झाकणाचं भोक बुजलेलंच होतं, म्हणजे ते बंद पडणं यंत्राचं होतं. धुळाप्पा तेव्हा धडधाकट होते. मेंढरं पाण्याला घेऊन निघाले होते. गाडी थांबलेली बघून तेही थांबले, हसले आणि मला म्हणाले, "घ्या! आलं का माजं तिकीट? म्हाताऱ्या धुळाप्पाला कुनी तरी इचारलं म्हनायचं."

"तिकीट नाही धुळाप्पा, पेट्रोल उतरत नाहीये," मी म्हटलं.

"उतरंल उतरंल. त्याला कुटं घाई हाय."

संध्याकाळी त्यांनी मेंढरं लेकीच्या नावानं वेगळी काढली, घोंगडं झटकून अंथरलं आणि आडवे झाले. लेक अणदूरहून आली, तिनं भाकरीचा काला करून तोंडाशी नेला, त्यांनी ओठ मिटून घेतले. दुखत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नाडी चांगली आहे. चांगल्या नाडीचा माणूस नुसता वाट बघत बघत गेला.

म्हणजे त्यांना गाडीनं नेलं नाही, भीतीनं नेलं. हे मला पटलेलं आहे. हरणाबाईंच्या श्रीमंतचं मात्र यात बसत नाही, कारण तो सोलापुरात होता आणि त्याला गाडी थांबल्याचं ठाऊकही नव्हतं. मी ते इथं लिहून ठेवते, नाहीतर माझं म्हणणं पटावं म्हणून मी तेवढंच वगळलं असं होईल.

पण तुमचं तर धुळाप्पांसारखंच चाललंय, बापू. तुम्ही अक्काच्या ऐवजी स्वतःला पुढं करता आहात हे मला समजतंय. त्या घरात तुम्ही, अक्का, दाजी आणि जे अजून जन्मायचंय ते. तुम्ही हिशेब केलात आणि स्वतःकडे बोट दाखवलंत. मला एवढंच सांगा, की पूर्वी असं किती दारांत झालं? आणि तुम्ही गाडी खरंच का सोडलीत? गावकीची कामं आपण सगळ्यांनी सोडली म्हणून तुम्ही गाडी गोठ्यात लावलीत, असं मी सातवीत असताना निबंधात लिहिलं होतं. गुरुजींनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

उत्तर पाठवा. आणि उत्तर सांगायच्या आधी काही तरी खा.

गुलाब


रविवार, १५ मे

ती. बापूंस,
सविनय जय भीम.

तुमचं उत्तर कंडक्टरनं काल आणून दिलं. दाजींनी तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवलेत, त्याबद्दल त्यांचे उपकार. ते मी पाच-सहा वेळा वाचलं. "तुजी आय गेली त्याच्या आदी ती आपल्या दारात हुबी राह्यली. म्या किक मारली न्हाय. ढकलत नेली अन् गोठ्यात लावली, वर कडबा रचला. तरी बातमी पोचायची ती पोचली. म्हनून दादाला म्हनलं हुतं, निजू दे तिला."

आई गेली तेव्हा मी कडेवरची होते. तुम्ही आम्हाला हे कधीच सांगितलं नाहीत. दादानं कडबा उपसून गाडी बाहेर काढली तेव्हा तुम्ही एवढं एक वाक्य सांगितलं असतंत तर तो थांबला असता. तुम्ही फक्त "निजू दे" म्हणालात, त्यानं ऐकलं नाही, आणि गाडी सुरू झाली त्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन भूमची एस.टी. धरलीत. त्याला वाटलं, बापूंना माझा अभिमान नाही. तुम्हाला वाटलं, पोरगं हट्टाला पेटलंय. मधे मी होते, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

माझा निबंध चुकीचा होता तर.

आता कालची हकीकत. दाजी, यातलं अक्कानं ऐकलं तरी चालेल.

हमरस्त्यावर एका ढाब्याशी पुण्याच्या एका गृहस्थांची मोटार थांबली होती. त्यांना दादाच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं की इथं लढाईतली बीएसए आहे आणि ती चालते. ते बायको-मुलीला घेऊन थेट आपल्या बोळात आले. पांढरे कपडे, पण गाडीसमोर धुळीत गुडघे टेकून बसले. नखानं टाकीखालचा रंग खरवडला. दादाचा हिरवा निघाला, त्याखाली काळा, आणि त्याच्याही खाली फिकट पिवळा, वाळूसारखा.

"ही वाळवंटात जाऊन आलीय," ते हळू आवाजात म्हणाले.

दादाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. सोलापूरच्या भंगार बाजारात तो दोन वर्षं हिंडला, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोसाठी हैद्राबादला गेला, पिस्टनच्या कड्या दुसऱ्याच गाडीच्या आणून कानशीनं घासून बसवल्या, हे त्यानं त्यांना एका दमात सांगितलं. त्यांनी दिव्यावरचा पत्रा बघितला, ज्याला नुसती एक आडवी फट आहे. मुलीला म्हणाले, "बघ, वरून विमानाला दिसू नये म्हणून एवढाच उजेड. रस्त्यावरच्या पाट्या काढून टाकलेल्या असायच्या. अशा अंधारात एकटा माणूस लखोटा घेऊन जायचा. या गाड्यांना आयुष्य फार थोडं असे आणि स्वारांना त्याहून थोडं." मग आम्हाला विचारलं, "तुमचे वडील कुठल्या आघाडीवर होते?"

आम्हाला सांगता आलं नाही, बापू. तुम्ही लढाईचं सांगायचा ते नेहमी चहाचं, थंडीचं, एका पंजाबी मित्राचं. लखोट्यांत काय असायचं, ते कुणाला द्यायचा, दिल्यावर तिथं काय व्हायचं, हे आम्ही विचारलं नाही. परत आल्यावरचं मात्र मला आता कळलंय, तेही हरणाबाईंकडून. आपल्या माणसानं गावातून मोटारसायकल फटफटवत न्यायची हे चावडीला सोसलं नाही. पाटील म्हणाले, गाडी गावातून न्यायची असंल तर गावाचं काम कर, बातम्या ने. तुम्ही कबूल झालात. लढाईत साहेबांचे लखोटे नेणारी गाडी मग मयताच्या बातम्या नेऊ लागली. हरणाबाई म्हणाली, "पायी येनारा मानूस आला तर लांबनं कळायचं न्हाय. श्रीपतीची गाडी वाजली की साऱ्या वाटंवरच्या बाया सुपं घेऊन दारात. ती कुटं थांबती ते बघायचं. फुडं गेली की जीव खाली पडायचा."

त्या गृहस्थांना गाडी हवी होती. तिला लष्करी रंग देऊन ते सव्वीस जानेवारीच्या संचलनात चालवणार होते, वर पाटी लावून, श्रीपती यांची गाडी म्हणून. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला ते नाव पाटीवर हवं होतं, गाडी गेली तरी.

मी म्हटलं, "साहेब, ती थांबते."

"जुन्या गाड्या थांबतातच, ताई," ते हसले.

मी त्यांना तीन दारं सांगितली. हरणाबाईंचं, धुळाप्पांचं, अक्काचं. आपलं चौथं, आईचं, तेही सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात ना?"

तेवढ्यात मोटारीत जाऊन बसलेली त्यांची मुलगी म्हणाली, "आई, त्या बायका अशा का उभ्या आहेत?"

आम्ही वळून बघितलं. बोळाच्या तोंडाशी तिघी-चौघी उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सूप. गाडी सुरू केलेली नव्हती, बापू. सकाळच्या फेरीनंतर तिला कुणी हातही लावला नव्हता, त्या गृहस्थांच्या नखाशिवाय.

मी गाडी देऊ दिली नाही. त्यांच्या घरालाही दार असेल, आणि त्या मुलीचं तिथं येणं-जाणं असेल. दादा संध्याकाळपर्यंत गाडीपाशीच बसून होता. मग म्हणाला, "इकायची न्हाय, चालवायची न्हाय, ठेवायची न्हाय. मग करायचं तरी काय, मास्तरीणबाई?"

मी त्याला सांगितलं. तो उठून बाहेर गेला. काय सांगितलं ते झाल्यावरच लिहीन. केलं नाही आणि लिहिलं, असं मला नको.

ताक तरी वाढवा.

गुलाब


मंगळवार, १७ मे

ती. बापूंस,
सविनय जय भीम.

हे पत्र मी भूमच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे. रात्री मिळेल. दाजी, आज सगळं वाचा, अक्कालाही बसवा.

काल दादानं गाडी मोडली. मला वाटलं होतं तो घणच घालेल. पण त्यानं ती उलगडली. ज्या क्रमानं जोडली होती त्याच्या उलट क्रमानं, एकेक बोल्ट काढून, पुसून, पोत्यावर मांडून. दूध सोसायटीचे सेक्रेटरी सिद्धलिंगअण्णा येऊन बघत होते. "आबाराव, उद्या दूध कशात न्यायचं रे? डोक्यावर?" असं म्हणाले आणि मग त्यांनीच सायकली बघतो म्हणून सांगितलं. सगळं सुटं झाल्यावर इंजिनाचा मधला भाग दादानं दगडावर ठेवला आणि घण उचलला. पहिला घाव चुकला. दुसऱ्यात चिरला. तो म्हणाला, "बापूची हाय, बापूसाठी जातीय," आणि मग बराच वेळ हात धुत बसला.

बापू, तुम्ही मला नेहमी सांगायचा की बातम्या न्यायचं काम वाईट म्हणून आपण ते सोडलं नाही, ते आपल्यावर लादलेलं होतं म्हणून सोडलं. मी फार विचार केला आणि ठरवलं की एकदा, एकदाच, स्वतःच्या मर्जीनं ते काम करायचं. तुम्ही म्हणता बातमी निघाली की पोचायचीच. ठीक आहे. मग तिला पोचवायला एक खरी बातमी देऊ. गाडी गेली, ही ती बातमी. ही खोटी नाही. मी स्वतः बघितलंय.

आज सकाळी मी पायी हरणाबाईंकडे गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"आजी, गेली."

"कोन गं?"

"गाडी. काल मोडली."

ती आत जाऊन सूप भरून घेऊन आली. मी हात मागं घेतले.

"आम्ही हे काम सोडलंय, आजी. बातमी तेवढी सांगायला आले."

"मंग हे कुनी न्यायचं?"

"कुणीच नाही. तुम्ही दळा आणि तुम्ही खा."

तिला ते नवीनच वाटलं. सूप छातीशी धरून ती उंबऱ्यातच बसली, आणि मी निघाले तेव्हा जोंधळे निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी.

इथपर्यंत मी लिहिलं आणि पत्र बंद करणार होते. जे पुढं लिहिते ते लिहू नको असं दादानं सांगितलंय. पण पहिल्या पत्रात मी एकदा दुरुस्ती केली, पुन्हा करायची वेळ नको.

आज भर दुपारी आवाज आला. उन्हानं बोळात कुत्रंही नव्हतं. इंजिनाचा चिरलेला तुकडा माझ्या डोळ्यांसमोर पोत्यावर पडलेला होता, मॅग्नेटो माझ्या ट्रंकेत आहे, चाकं आढ्याला टांगलीत. आवाज वेशीकडून आला, बोळाच्या वळणावर मंदावला, दादा तिथं गिअर बदलायचा तसा, आणि आपल्या दारावरून पुढं गेला. मी ऐकलं नाही असं लिहिणार होते. ऐकलं. दादाचा हात ताटात थांबला.

"तुला आला?" त्यानं विचारलं.

"आला."

दारं उघडली. समोरची प्रेमाबाई, कोपऱ्यावरची बानूबाई, सगळ्या सुपं घेऊन बाहेर आल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. धूळ उडाली नव्हती. आवाज कुठंच थांबला नाही. तुळजापूरच्या रस्त्याला लागला आणि लहान लहान होत गेला. तो रस्ता पुढं तुमच्याकडे येतो.

मला याचा अर्थ लावता येत नाही आणि मी लावणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की बातमी दारोदार पोचवायची तर शेवटचं दार तुमचं आहे, आणि ती पोचवणारी मी आहे, दुसरं कुणी नाही. उद्या, बुधवारी, मला धुळाप्पांच्या लेकीकडे अणदूरला जायचंय. तिचं दार सोडून तुमच्याकडे आधी येता येत नाही. त्यानंतर मी निघते.

ज्या घरात मयताची बातमी येते त्या घराला उपाशी राहू देत नाहीत. चूल बंद असते म्हणून सोयरे पिठलं-भाकरी बांधून आणतात आणि हातानं घास भरवतात. कडू घास. त्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, आणि तुम्हीही म्हणू शकत नाही, बापू, कारण ती गाडी तुमचीच होती आणि सुतकही तुम्हालाच आहे. मी भाकरी इथूनच करून आणते आहे. उंबऱ्याबाहेर उभी राहून बातमी सांगेन. बातमी सांगणारा आत येत नसतो. मी मात्र सांगून झालं की आत येणार आहे आणि तुमच्या ताटाशी बसणार आहे. दादा बरोबर येतो म्हणतोय. त्याच्याशी दोन शब्द बोला.

त्याआधी दारात गाडी वाजली, तर कुणीही दार उघडू नका. अक्कानं सूप हातात घेऊ नये. दाजी, कडी तुम्ही धरून ठेवा. वाजून वाजून ती गप्प झाली तरी उघडू नका. आम्ही स्टँडवरून चालत येऊ, आमच्या येण्याचा कसलाच आवाज नसेल. हाक मारू ती तुमच्या नावानं, तीही दोघांनी मिळून.

गुरुवारी, १९ मेला, पहिल्या एस.टी.नं.

तुमची,
गुलाब